‘शुजिन’ शब्दापाशी थोडे थांबा

तुम्ही नुकतेच जपानी शिकू लागला आहात, म्हणून सांगते: या भाषेत मराठीसारखे नामांना लिंग नाही, ‘गेला–गेली’ असा भेदही नाही, तरीही स्त्री-पुरुषभेद तिच्या शब्दसंग्रहात खोलवर मुरलेला आहे. जुन्या पाठ्यपुस्तकात परिचारिकेसाठी ‘कांगोफु’ हा शब्द भेटेल. त्यातला ‘फु’ स्त्रीवाचक आहे. २००२ पासून कायद्याने स्त्री-पुरुष दोघांनाही ‘कांगोशि’ हे एकच पदनाम दिले, तेच वापरा.

खरी अडचण ‘शुजिन’ची आहे. नवऱ्यासाठीच्या या शब्दाचा मूळ अर्थ धनी, आपल्या आज्या ‘आमचे मालक’ म्हणत तसाच. स्वतःच्या नवऱ्याला ‘ओत्तो’ म्हणता येते, परंतु समोरच्या बाईंच्या नवऱ्याविषयी आदराने विचारायचे झाल्यास रूढ शब्द ‘गोशुजिन’च असल्याने अनेक जण अडखळतात, काही जण ‘ओत्सुरेआइ’, म्हणजे सोबती, हा शब्द निवडतात आणि मलाही तोच आवडतो.

मात्र प्रत्येक शब्दापूर्वी धास्तावू नका. जपानमध्ये माध्यमे आक्षेपाच्या भीतीने स्वतःहून शब्द टाळतात, त्याला ‘जिशुकु’ म्हणतात, आणि अशा शब्दबंदीवर चिडलेले लोक तिला ‘कोतोबागारी’, म्हणजे शब्दांची शिकार, म्हणतात. कारण समजून शब्द सोडणे आणि केवळ भीतीने गप्प बसणे यांत मला फार मोठे अंतर वाटते. एखाद्या वृद्ध बाई प्रेमाने ‘शुजिन’ म्हणाल्या, तर त्यांना दुरुस्त करू नका; त्यांच्या नवऱ्याविषयी बोलताना त्यांचाच शब्द आदराचा ‘गो’ लावून वापरा.