पवनचक्की उभी का, पाती तीनच का, आणि पाऊस खरंच पळतो का?

साताऱ्याकडच्या पठारांवर काही वर्षं मी पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला होतो, त्यामुळे लग्नात जेवायला बसलं तरी शेजारचा हेच विचारतो. यावेळी आलेले प्रश्न असे.

चाळकेवाडीला फिरायला गेलो होतो, वारा एवढा की टोपी उडाली, तरी चार-पाच पवनचक्क्या ढिम्म उभ्या. बिघडल्यात का?

बिघडल्या असतीलही, पण दरवेळी तसं नसतं. मशीन साधारण सेकंदाला ३ मीटर वाऱ्याला सुरू होतं आणि २५ च्या पुढे, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या पुढे गेलं की पाती वाऱ्याला कड दाखवतात आणि स्वतःहून थांबतं. टोपी उडायला एवढा वारा लागत नाही, म्हणजे तुमच्या वेळी कारण बहुतेक दुसरं असणार. पावसाळ्यात लाईनवर फांदी पडते, वीज कोसळते, फीडर (वीज वाहून नेणारी लाईन) ट्रिप होतो, आणि एकदा ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, गेलं की वीज घ्यायलाच कोणी नाही, मग पाती मोकाट सुटू नयेत म्हणून मशीनला थांबावंच लागतं. आमचं दुखणं हेच, वर्षातली बरीचशी वीज जून ते सप्टेंबरात होते आणि लाईनही नेमकी तेव्हाच जाते. आणि हो, कधी कधी आत माणूस काम करत असतो. जुलैत साठ मीटर शिडी चढून नॅसेलमध्ये, म्हणजे पात्यांमागच्या जनरेटरच्या डब्यात, बसलं की अख्खा टॉवर हळूच डुलतो, पहिल्या दिवशी मला चक्क बोट लागल्यासारखं झालं होतं.

पाती तीनच का? जास्त लावली तर जास्त वीज नाही का मिळणार? आणि एवढी हळू का फिरतात?

हळू वाटतात हो फक्त. १२० मीटर व्यासाचं मशीन मिनिटाला १२ फेरे मारत असेल तर पात्याचं टोक ताशी २७० किलोमीटरने पळतंय, हिशोब करून बघा. एवढ्या वेगात एकच पातं थोड्या वेळात बराच वारा गाठतं, म्हणून चौथं-पाचवं लावून वीज जेमतेम वाढते, वजन आणि खर्च मात्र भरपूर. दोन पात्यांचीही मशीन झालीत, पण एक पातं वरच्या जोरदार वाऱ्यात आणि दुसरं खाली टॉवरसमोर आलं की मशीनचं डोकं हिसके खातं. तीन पाती तोल छान धरतात. विहिरीतून पाणी काढायच्या जुन्या पवनचक्कीला मात्र खूप पाती असतात, तिला वेग नको, जोर हवा.

पवनचक्क्या ढग पळवतात, आमच्या माणमध्ये पाऊस त्यामुळेच येत नाही असं गावात सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात ते का, हे मला कळतं. पावसाळ्यात त्या पठारावर ढग जमिनीवरच उतरतो, पाती त्यातूनच फिरतात, बघणाऱ्याला वाटणारच की ढग कापतायत. पण पाऊस देणारे ढग खालून वर कित्येक किलोमीटर जाड, आणि तिथलं जुनं मशीन टोकासकट शंभर मीटरच्या आत. मागे हवा थोडी घुसळली जाते, जमिनीलगतचं तापमान किंचित बदलतं, तेवढंच. माण-खटाव कोरडा आहे कारण सह्याद्री चढताना ढगांचं पाणी पश्चिमेलाच पडून जातं, आणि हे पहिली पवनचक्की यायच्या कितीतरी आधीपासून आहे. जमिनीचे पैसे कमी मिळाले, रस्ते उखडले, यावर भांडायचं असेल तर जरूर भांडा, तिथे मी तुमच्या बाजूने.

पुण्यात चौथ्या मजल्यावर गच्ची आहे. छोटी पवनचक्की बसवू का? दुकानदार म्हणतो एक किलोवॉटची आहे.

त्याला विचारा, किती वाऱ्याला एक किलोवॉट? सगळी गंमत इथे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद दुप्पट नाही, आठपट होते, आणि निम्मा झाला की आठवा हिस्सा उरतो. त्यात सगळी ताकद काढताही येत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ सालीच दाखवून दिलं की ५९.३ टक्क्यांच्या वर कोणतंही मशीन जाऊ शकत नाही. कारण सोपं आहे, एसटीतून उतरलेली माणसं दारातच उभी राहिली तर मागचे उतरणार कसे, तसंच पात्यामागची हवा पुढे सरकायला तिच्यात थोडा वेग शिल्लक ठेवावाच लागतो. छोटी मशीन त्याच्याही बरीच खाली असतात, तीस टक्के धरा.

आता तुमची गच्ची. दोन मीटर व्यासाचा पंखा, वारा सेकंदाला ३ मीटर, हिशोब केला की येतात जेमतेम १४ वॅट. म्हणजे एक एलईडी बल्ब! दुकानदाराचा किलोवॉट बहुधा १२ मीटर वाऱ्याचा असणार, आणि तेवढा वारा तुमच्याकडे वळवाच्या वादळातच येईल. शिवाय आजूबाजूच्या बिल्डिंगा आणि टाक्यांमुळे वारा गोल गोल फिरतो, पंखा सारखा तोंड वळवत बसतो, आणि घरघर खाली बेडरूमपर्यंत. तरी हौस असेलच तर आधी वारा मोजून नोंद ठेवणारा मीटर घेऊन वर्षभर गच्चीवर लावा, सरासरी ५ च्या वर आली तर मला कळवा, मी स्वतः बघायला येतो. नाहीतर तेच पैसे सोलरला लावा.