कॉमिक्स न वाचता बॅटमॅनचे अर्खम गेम कळतील का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही दोन अडचणी लिहिल्यात. बॅटमॅनचं एकही कॉमिक वाचलेलं नाही, आणि पीसी जुना, चार जीबी रॅमचा. छोटं का होईना, ग्राफिक्स कार्ड आहे असं धरून सांगतो.

डोळे झाकून ‘अर्खम असायलम’ घ्या, २००९ चा. तो संपला की ‘अर्खम सिटी’ (२०११). ‘अर्खम नाइट’चा (२०१५) नाद सोडा. तो आला तेव्हा चांगल्या चांगल्या पीसींवर इतका अडखळायचा की विक्री थांबवून, काही महिन्यांनी दुरुस्त करून परत आणावा लागला.

कॉमिक्सचं म्हणाल तर मीही वाचली नव्हती. बॅटमॅन १९३९ पासून छापला जातोय, सगळं वाचून कोण उठणार? गेमची गोष्ट स्वतंत्र आहे, पॉल डिनीने लिहिलेली. एक बेट, एक रात्र. बॅटमॅनचा शत्रू जोकर, त्याला पकडून अर्खम नावाच्या वेड्यांच्या इस्पितळात आणतात आणि तो तिथंच सगळा कारभार ताब्यात घेतो. फिरताना रुग्णांच्या मुलाखतींच्या टेप सापडतात, त्या ऐकत चला, कोण कुठला ते कळत जातं. आणि जोकरची साथीदार हार्ले क्विन तर मुळात कॉमिक्समधली नाहीच. १९९२ च्या टीव्ही कार्टूनमधून ती कॉमिक्समध्ये गेली. ती निर्माण करणाऱ्या दोघांपैकी एक हाच डिनी.

मारामारीत बटणं बडवू नका. समोरच्याच्या डोक्यावर खूण चमकली की उलटवार, एवढंच. घाईत हवेत हात मारला की सलग वारांची साखळी तुटते. बंदूकवाले असतील तिथं खाली उतरूच नका. वर दगडी मूर्तीवर बसून राहायचं, एकेकाला गाठायचं. डिटेक्टिव्ह मोडमध्ये (भिंतीआडची माणसंही दाखवणारी बॅटमॅनची नजर) उरलेल्यांच्या छातीची धडधड वाढलेली दिसते. मला सगळ्यात जास्त मजा तिथं आली.

आता खरं सांगायचं ते. आमचं घर सोलापुरात, भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना. मागावरची रुई उडून कॅबिनेटच्या पंख्यात जाऊन बसते. त्यात मे महिना. कार्ड तापायचं म्हणून बाजूचा पत्रा काढून टेबल फॅन लावून खेळायचो. एका रात्री, निम्म्याहून पुढं गेलो असेन, चित्र फाटल्यासारखं झालं, आवाज अडकला, आणि गेम पहिल्यापासून सुरू! कार्ड उडालं म्हणून मी घाबरून भिंतीवरचं बटण बंद केलं. परत लावला, परत तेच, परत बटण. सकाळी ब्रशने मूठभर रुई काढली, दुकानात नेऊन कार्ड थंड ठेवणारी पेस्ट बदलून आणली, पैसे गेले ते वेगळेच. रात्री पुन्हा त्याच जागी चित्र फाटलं. वैतागून तसंच बघत बसलो, तर बॅटमॅनच्या गाडीत… जाऊ दे, पुढचं सांगत नाही. स्केअरक्रो नावाच्या माणसाचे उद्योग आहेत, गेमनेच मुद्दाम केलेले.

तेव्हा तुमच्याकडे तसं झालं तर बटणाला हात लावू नका. पंखा मात्र साफ करून घ्या, सोलापूरकर असाल तर आधीच.