बीटल्सचं पहिलं सिंगल आपटलं होतं का?

आपटलं नव्हतं, पण धुमाकूळही घातला नव्हता. हे सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, होतं 'लव्ह मी डू'. ५ ऑक्टोबर १९६२ला पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीनं ते ब्रिटनमध्ये काढलं आणि ते तिथल्या चार्टवर १७व्या नंबरपर्यंत चढलं. लिव्हरपूलबाहेर फारसं कोणी ओळखत नसलेल्या पोरांसाठी हे बरंच म्हणायचं. गाणं चार्टवर चढावं म्हणून मॅनेजर एपस्टाइननं दहा हजार प्रती स्वतःच उचलल्या, अशी वावडी तेव्हापासून आहे. त्यानं ती साफ नाकारली होती. खरा मान नंतर मिळाला. १९६४मध्ये अमेरिकेत हेच गाणं पहिल्या नंबरवर गेलं.

गंमत वेगळीच आहे. गाण्याची दोन रेकॉर्डिंग्ज बाजारात फिरतात. पहिल्या सिंगलवर ड्रमवर बँडचाच रिंगो आहे. अल्बमवर बाहेरून बोलावलेला ड्रमर अँडी व्हाइट, आणि बिचाऱ्या रिंगोच्या हातात टॅम्बोरिन, म्हणजे आपली खंजिरीच. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एका चाचांनी मला "एकदम पहिलीवाली" म्हणून तबकडी दाखवली. दुकानातच लावली, तर माउथ ऑर्गनमागे खंजिरी छनछन वाजतेय! मूळ प्रतीचं लेबल लाल असतं, हिचं काळं. चाचा हसले, भाव निम्मा केला. घेतली मी.