एपीसी भरायला पैसे नाहीत, तर छापून आलेला पेपर विद्यापीठाच्या लायब्ररीतून खुला करता येतो का?

तुमचा पेपर वर्गणीच्या जर्नलमध्ये आला आहे, तुमच्याकडे फक्त प्रकाशकाची पीडीएफ आहे, ओपन ॲक्सेसची, म्हणजे लेख सगळ्यांना मोफत खुला करण्याची फी (एपीसी) झेपणारी नाही, आणि लायब्ररीच्या रिपॉझिटरीत, म्हणजे लेखांच्या ऑनलाइन संग्रहात, टाकला तर प्रकाशक नोटीस पाठवेल अशी धास्ती आहे. शिवाय तुमचे मार्गदर्शक म्हणतात की फी न भरता केलेलं ते ‘खरं’ ओपन ॲक्सेस नव्हेच. या शेवटच्या वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले आहे.

ते वाक्य साफ चूक आहे. ‘ओपन ॲक्सेस’ हा शब्द रूढ केला तो २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने. त्यात दोन मार्ग सांगितले होते, आणि त्यातला पहिला होता लेखकाने आपली प्रत खुल्या संग्रहात स्वतः ठेवण्याचा. खुली जर्नल्स दुसऱ्या क्रमांकावर. लेखकाने फी भरलीच पाहिजे अशी अट दोन्हींत नाही. भौतिकशास्त्रातली मंडळी तर १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संग्रहावर आपले पेपर ठेवत आली आहेत. डीओएजे या खुल्या जर्नल्सच्या सूचीतली निम्म्याहून अधिक जर्नल्स लेखकाकडून काहीच घेत नाहीत. उलट हायब्रिड, म्हणजे वर्गणीच्या पण फी भरली तर तेवढा लेख खुला करणाऱ्या, जर्नलमध्ये लायब्ररी वर्गणी भरते आणि लेखक वर एपीसी भरतो, म्हणजे एकाच अंकासाठी दोन बाजूंनी पैसे जातात. हा मार्ग श्रेष्ठ आणि रिपॉझिटरी दुय्यम, हे मला कधीच पटलेलं नाही.

तेव्हा हो, खुला करता येतो. बहुतेक मोठे प्रकाशक ॲक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट, म्हणजे परीक्षकांच्या दुरुस्त्या झालेली पण प्रकाशकाच्या मांडणीत न बसवलेली प्रत, विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत ठेवू देतात. अट असते ती एम्बार्गोची, म्हणजे प्रत खुली करण्याआधी थांबायच्या मुदतीची: कुठे ६ महिने, कुठे १२, कुठे २४. तुमच्या जर्नलचं धोरण शेर्पा रोमिओ या प्रकाशकांची धोरणं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहा (आता त्याचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर आहे), पण सही केलेला करारनामाही काढून वाचा. दोन्हींत फरक दिसला तर करारनाम्याचं धरायचं.

आता खरी अडचण. ती कायद्यापेक्षा फाइलची जास्त असते. रिपॉझिटरीसाठी आलेल्या एकाच पेपरचं सांगते, म्हणजे कुठे काय अडतं ते दिसेल.

लेखिकेने फॉर्म भरला आणि प्रकाशकाची दोन कॉलमांची पीडीएफ जोडली. वर जर्नलचा लोगो, खाली अंकाचे पृष्ठक्रमांक. ती परत गेली. मग आलं प्रूफ: प्रत्येक पानावर तिरका शिक्का, समासात संपादन विभागाचे प्रश्न. प्रूफ हीसुद्धा प्रकाशकाची मांडणी, म्हणून तेही बहुतेक ठिकाणी चालत नाही. तिसऱ्या खेपेला वर्ड फाइल आली. ती योग्य वाटत होती, पण तक्ता ३ मध्ये एका ठिकाणी ०.४७ होतं आणि छापील लेखात ०.४१. म्हणजे ही फाइल दुसऱ्या फेरीच्या दुरुस्तीआधीची. त्याच आकड्याशेजारी सहलेखकाची कॉमेंट तशीच राहिली होती: ‘हे पुन्हा काढायला हवं.’ ही प्रत खुली झाली असती तर वाचणाऱ्यांनी चुकीचा आकडा उचलला असता, तोही लेखिकेच्या नावावर.

बरोबर प्रत शेवटी सापडली जर्नलच्या सबमिशन सिस्टीममध्ये. करस्पॉन्डिंग ऑथरच्या, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या लॉगिनमध्ये, निर्णय झालेल्या लेखांच्या यादीत, शेवटची सुधारित आवृत्ती पुष्कळदा नंतरही राहते. तिथली तयार पीडीएफ मात्र घेऊ नका. तिला सिस्टीमने जोडलेलं पहिलं पान असतं, समासात ओळींचे क्रमांक असतात आणि सगळ्या आकृत्या शेवटी ढकललेल्या असतात. त्याच नोंदीतली मूळ वर्ड किंवा लाटेक फाइल उतरवा, ट्रॅक चेंजेस स्वीकारा, कॉमेंट पुसा, ओळींचे क्रमांक बंद करा, आकृत्या मजकुरात जागच्या जागी बसवा, आणि मग पीडीएफ करा. छापून पुन्हा स्कॅन केलेली पानं नकोत, कारण त्यातला मजकूर शोधता येत नाही. फाइल ५ एमबीच्या आत ठेवा, गूगल स्कॉलर त्याहून मोठी फाइल घेत नाही. पहिल्याच पानावर सर्वांत मोठ्या अक्षरात लेखाचं शीर्षक हवं. त्याखाली एक ओळ: ही स्वीकृत प्रत आहे, अंतिम लेख अमुक जर्नलमध्ये, आणि पुढे पूर्ण डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक. एवढी ओळ प्रकाशकाच्या निम्म्या तक्रारी थांबवते.

त्याच पेपरला १२ महिन्यांचा एम्बार्गो होता. लेख १४ मार्चला ऑनलाइन आला, अंक ऑगस्टचा. आणि लेखिकेने फॉर्ममध्ये स्वीकृतीची, जानेवारीतली, तारीख घातलेली. ती तशीच राहती तर फाइल वेळेच्या दोन महिने आधी उघडली असती. एम्बार्गो पहिल्या ऑनलाइन दिवसापासून मोजायचा की अंतिम स्वरूपातल्या प्रकाशनापासून, हे प्रत्येक प्रकाशक आपापल्या धोरणात लिहितो, आणि तो शब्द वाचल्याशिवाय तारीख भरू नये. तुम्हाला ज्या नोटिशीची भीती वाटते ती येते तेव्हा अशाच चुकांमुळे येते: चुकीची आवृत्ती किंवा चुकीची तारीख. आणि आली तरी सहसा ती रिपॉझिटरीला येते. लायब्ररी फाइल बंद करते, नोंद राहते, चूक दुरुस्त झाली की फाइल पुन्हा उघडते.

एम्बार्गो संपेपर्यंत थांबून मग जमा करू, असं म्हणणाऱ्यांचे पेपर कधीच जमा होत नाहीत. वर्षभरात संगणक बदलतो, सहलेखक दुसरीकडे जातो, फाइल हरवते. आजच जमा करा आणि उघडण्याची तारीख सिस्टीममध्ये भरा, त्या दिवशी फाइल आपोआप खुली होते. तोवर शीर्षक आणि सारांश सगळ्यांना दिसतात. डीस्पेस आणि ईप्रिंट्स या रिपॉझिटरी चालवणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरांत ‘प्रत मागवा’ असं बटण असतं. वाचकाने ते दाबलं की तुम्हाला ई-मेल येते आणि तुम्ही होकार दिलात की प्रत त्याच्याकडे जाते. हे बटण लायब्ररीने चालू ठेवलं आहे ना, एवढं विचारून घ्या.

नोंद भरताना डीओआय कॉपी करून चिकटवा, हाताने टाइप करू नका. एक अंक चुकला तर तुमची मोफत प्रत मूळ लेखाशी जोडली जाईलच असं नाही, आणि अनपेवॉल (लेखाची मोफत प्रत शोधून देणारं साधन) वापरणाऱ्या वाचकाला पैसे मागणारं पानच दिसत राहू शकतं. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळखक्रमांक, टाका. ‘आवृत्ती’ आणि ‘परवाना’ हे दोन रकाने रिकामे सोडू नका. परवाना मात्र मनाने निवडायचा नाही. काही प्रकाशक स्वीकृत प्रतीला सीसी बाय-एनसी-एनडीच (श्रेय द्या, पण व्यापारी वापर किंवा बदल नको) लावायला सांगतात. तिथे सीसी बाय (श्रेय दिलं की कसाही वापर करा) लावलंत तर जो हक्क तुमच्याकडे नाही तो तुम्ही जगाला देऊन बसता.

मार्गदर्शकांना एवढं जरूर सांगा: हार्वर्डच्या कला व विज्ञान विद्याशाखेने २००८ मध्ये ठराव करून आपल्या लेखांचा अनन्य नसलेला परवाना विद्यापीठाला आधीच देऊन ठेवला, आणि एखाद्या लेखापुरती सूट हवी असेल तर ती मागता येते. ठराव प्राध्यापकांनीच केला, आणि त्यात रिपॉझिटरीला दुय्यम कुणी म्हटलं नाही. पुढच्या पेपरच्या वेळी तुम्हीही सबमिशनच्या पत्रात आणि आभाराच्या परिच्छेदात हक्क राखून ठेवल्याची ओळ घाला: यातून तयार होणाऱ्या स्वीकृत प्रतीला लेखकाने सीसी बाय परवाना लावला आहे. ही ओळ पहिल्या सबमिशनलाच हवी. स्वीकृतीनंतर घातली तर संपादक ती काढायला लावू शकतात.

काही गोष्टी राहिल्या. पुस्तकातल्या प्रकरणांना हे नियम तसेच लागू होत नाहीत, तिथे प्रकाशकाला लेखी विचारा. दुसऱ्यांची छायाचित्रं किंवा नकाशे छापायला घेतलेली परवानगी कधीकधी फक्त जर्नलपुरती असते, मग रिपॉझिटरीतल्या प्रतीतून ती आकृती काढून जागा मोकळी ठेवावी लागते. संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेची अट वेगळी असेल, म्हणजे काही ठिकाणी एम्बार्गो अजिबात चालत नाही, तर जमा करण्याआधी लायब्ररीला ते सांगा. आणि रिसर्चगेट या संशोधकांच्या सोशल नेटवर्कवर टाकलं म्हणजे झालं असं समजू नका. विद्यापीठाच्या रिपॉझिटरीला हो म्हणणारे बरेच प्रकाशक तिथे स्वीकृत प्रत ठेवायला नाही म्हणतात.

तुमच्याकडे फक्त प्रकाशकाची पीडीएफ आहे असं तुम्ही लिहिलंय. तर आधी करस्पॉन्डिंग ऑथरला आजच ई-मेल करा आणि सबमिशन सिस्टीममधली शेवटची सुधारित फाइल मागवा. ती आली की छापील लेखाशेजारी उघडा आणि तक्त्यांमधला एकेक आकडा ताडून पाहा.