ल्युर घेताना 'स्पोडोप्टेरा'च्या पुढचं नावही वाचा

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातील एक सोयाबीन उत्पादक): शेजाऱ्याने मक्यातल्या लष्करी अळीसाठी आणलेले कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून पकडणारे) उरले होते, ते मी सोयाबीनात लावले. पानांची चाळणी झाली, पण सापळ्यात पतंग काही सापडत नाही. ल्युरच्या, म्हणजे सापळ्यात लावायच्या गंधाच्या गोळीच्या, पुडीवर 'स्पोडोप्टेरा' लिहिलं आहे आणि सल्ल्याच्या मेसेजमध्येही 'स्पोडोप्टेरा एसपीपी.' असंच आलं होतं. हे एसपीपी. म्हणजे काय? सापळे खराब निघाले का?

उत्तर: सापळे ठीक आहेत भाऊ, गंध दुसऱ्याच पतंगाच्या मादीचा आहे.

किडीच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला वंशाचा, दुसरा प्रजातीचा. स्पोडोप्टेरा हा वंश झाला. सोयाबीनवर येते ती स्पोडोप्टेरा लिटुरा, म्हणजे तंबाखूची पाने खाणारी अळी. मक्याच्या पोंग्यात शिरते ती स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. ती मूळची अमेरिकेतली, आपल्या देशात २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली. नराला बोलावण्यासाठी मादी जो गंध सोडते, तो प्रत्येक प्रजातीचा वेगळा असतो. फ्रुजिपर्डाच्या ल्युरकडे लिटुराचा नर सहसा फिरकत नाही.

वंश ठाऊक आहे पण प्रजाती ओळखलेली नाही, तेव्हा 'एसपी.' लिहितात. त्याच वंशातल्या अनेक प्रजातींबद्दल एकत्र बोलायचं असेल तर 'एसपीपी.'. मेसेजमध्ये ते चालून जातं, दुकानात चालत नाही. तिथे दुसरं नाव विचारूनच ल्युर घ्या. आणि हो, औषधाच्या डब्यावर 'ॲसिटामिप्रिड २० एसपी' दिसलं तर त्याचा या एसपीशी काही संबंध नाही. तिथे एसपी म्हणजे पाण्यात विरघळणारी पावडर.

आधी अळी नीट पाहून घ्या. लिटुराची मादी पानाखाली पुंजक्याने अंडी घालते आणि त्यावर तपकिरी केसांचं आवरण असतं. लहान अळ्या एकाच पानावर घोळक्याने राहून हिरवा भाग खरवडतात, पान जाळीदार होतं. मोठ्या अळीच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी काळे त्रिकोणी डाग दिसतात. फ्रुजिपर्डाच्या डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी खूण असते, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. अळी पाठीची कमान करत चालत असेल तर ती उंटअळी. मग स्पोडोप्टेराचा कोणताही ल्युर लावून उपयोग नाही.

'लष्करी अळी' या नावावर तर खरेदी करूच नका. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी मिथिम्ना या वेगळ्याच वंशातली आहे. उलट कपाशीतली हिरवी बोंडअळी, तुरीची शेंगा पोखरणारी हिरवी अळी आणि हरभऱ्यातली घाटेअळी, या तिन्ही एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिन्ही पिकांत तिचा ल्युर एकच. गुलाबी बोंडअळी मात्र पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, तिचा ल्युर निराळा. पऱ्हाटीत हेलिकोव्हर्पाचा ल्युर लावून 'गुलाबी नाही' म्हणत निश्चिंत बसलेले लोक दरवर्षी भेटतात.

विषाणूजन्य औषधाचंही (एनपीव्ही, म्हणजे अळीला रोग लावणारा विषाणू) तसंच. एचएएनपीव्ही या नावातलं 'एचए' हेलिकोव्हर्पा आर्मिजेराचं आणि एसएलएनपीव्हीतलं 'एसएल' स्पोडोप्टेरा लिटुराचं. हरभऱ्यासाठी आणलेलं उरलंसुरलं सोयाबीनात मारू नका, लिटुरावर ते चालत नाही. फवारणी संध्याकाळी करा, उन्हाने विषाणू निकामी होतो.

तुमच्या वावरात आता लिटुराचे ल्युर लावा, हेक्टरी १० सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच. जाळी झालेली पानं अंडीपुंज आणि अळ्यांसकट तोडून साबणाच्या पाण्यात टाका, धुऱ्यावर फेकू नका. जुने ल्युर काढल्यावर हात धुऊन मगच नवी पुडी फोडा, नाहीतर दोन गंध मिसळतात. ओळख पटत नसेल तर दोन-तीन अळ्या पानासकट भोकं पाडलेल्या डबीत घालून सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा.