भाकड महिन्यातला सिनेमा

प्रश्न : आम्ही सांगलीतले पाच जण गेली तीन वर्षे दर आठवड्याला सिनेमावर लिहीत आहोत. शुक्रवारी पहिला खेळ पाहायचा, रात्री विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर वाद घालायचा आणि रविवारपर्यंत लेख पुरा करायचा, असा आमचा क्रम आहे. मात्र नाताळातला मोठा सिनेमा एकदा लागला, की पुढे जानेवारीभर लिहिण्याजोगे काही हाती येत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की हे जगभर होते, इंग्रजीत लिहिणारे तर जानेवारीला टाकाऊ सिनेमांचाच महिना समजतात. तेव्हा मार्चपर्यंत लिखाण बंद ठेवावे. हे कितपत योग्य आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मित्राची माहिती खरी आहे, पण त्यांनी अमेरिकेचे पंचांग सांगलीच्या भिंतीवर टांगले आहे. तिकडे नाताळच्या सुट्टीत लोक भरपूर सिनेमे पाहतात आणि भरपूर खर्चही करतात; त्यानंतर शाळा सुरू होतात, बर्फ पडते, फुटबॉलचे निर्णायक सामने फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि तिकीटबारी ओस पडते. ज्या सिनेमांवर स्टुडिओचाच भरवसा उरलेला नसतो, ते अशा दिवसांत उरकून घेतले जातात. तरीही हा काही निसर्गनियम नव्हे. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ हा सिनेमा १९९१ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन मंदीत लागला होता आणि पुढल्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच प्रमुख ऑस्कर त्यालाच मिळाले.

आपल्याकडचे गणित वेगळे आहे. नाताळातला हिंदी सिनेमा बहुतेक पडदे अडवून बसतो, आणि वर्षाचा पहिला शुक्रवार अपशकुनी असतो हा हिंदी निर्मात्यांचा जुना समज आहे. त्यामुळे ते शक्यतो दुसऱ्या शुक्रवारची वाट पाहतात. ‘उरी’ ११ जानेवारी २०१९ ला आला आणि ‘तान्हाजी’ १० जानेवारी २०२० ला, हे तुम्हाला आठवत असेल. आता याच अपशकुनी आठवड्याच्या आसपास मराठीने काय केले ते पाहा. ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० चा, ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४ चा, ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६ चा आणि ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ चा. शेजाऱ्याने भीतीपोटी मोकळे सोडलेले शेत मराठी निर्मात्यांनी निमूटपणे कसले आणि चांगले पीकही काढले. इतकी वर्षे सिनेमावर लिहिणाऱ्या पाच जणांच्या नजरेतून ही गोष्ट सुटावी, याचे मला थोडे आश्चर्य वाटते. तुम्ही वाट कोणाची पाहत होता, हे एकदा आपापसांत स्पष्ट करून घ्या.

आपला खरा भाकड काळ असलाच, तर तो फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे आहे. बारावी आणि दहावीच्या परीक्षा असलेल्या घरात टीव्हीसुद्धा लागत नाही, मग सिनेमागृहाची गोष्ट दूरच. त्यातच मार्चअखेरीस आयपीएल सुरू होते. रमजानचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत असल्यामुळे काही वर्षे तोही याच दिवसांत येतो. पुढे भाद्रपदात पितृपक्ष तर आहेच. तरीही १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीचा मुहूर्त साधून ‘पावनखिंड’ २०२२ मध्ये आणि ‘छावा’ २०२५ मध्ये आला, आणि परीक्षांचा विसर पडावा अशी गर्दी लोकांनी केली.

राहिला पौष. हा महिना आपण भाकड म्हणतो, कारण त्यात लग्ने लागत नाहीत. परंतु माणसांची लग्ने खोळंबलेली असतात त्याच पौषात कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, वाई तालुक्यात शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा भरते, औंधला यमाईची यात्रा होते, आणि त्याआधी मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ निघालेला असतो. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांना सिनेमा भेटला तो अशा जत्रांतून, तंबूच्या टॉकीजमध्ये. पावसाळ्यात तंबू उभा राहत नाही, उन्हाळ्यात अंधार उशिरा पडतो. पिके निघून हातात चार पैसे खुळखुळतात आणि रात्र मोठी असते ती हिवाळ्यातच. म्हणजे ज्या दिवसांना तुम्ही मंदी म्हणता, तो आपल्या आजोबांचा सिनेमाचा हंगाम होता. आणि त्या तंबूत सिनेमा सहसा नवा नसे. शहरांत फिरून, ओरखडे पडून, मधली दोन-चार मिनिटे गमावून आलेले रीळ लोक घोंगडी पसरून पाहत आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्यावर मनसोक्त बोलत. आपल्याकडची सिनेमावरची टीका तिथे सुरू झाली असे मी म्हटले, तर अभ्यासक रागावतील, पण माझे मत तेच आहे.

तेव्हा लिखाण बंद ठेवू नका, शुक्रवारची गुलामी मात्र सोडा. एक प्रयोग सुचवतो. पहिल्या दिवशी पाहिलेला सिनेमा तिसऱ्या आठवड्यात, तो उतरण्याच्या बेतात असताना, मधल्या वारी रात्रीच्या खेळाला पुन्हा पाहा. मागच्या हिवाळ्यात तासगावकडून येताना मी असा एक खेळ पाहिला. जेमतेम वीस माणसे होती, त्यात द्राक्षबागेतून थेट आलेली सात-आठ, पायात मातीचे बूट आणि कानाला मफलर. ज्या संवादावर पहिल्या दिवशी शिट्ट्या पडल्या होत्या, त्यावर तिथे कोणी हूं की चूं केले नाही. नायकाचा बाप सावकारापुढे नोटा मोजायला लागला, तेव्हा मात्र पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “आरं, पावती घे की!” त्या एका प्रसंगाची ताकद मला पहिल्या दिवशी कळली नव्हती आणि माझ्या परीक्षणात त्याचा साधा उल्लेखही नव्हता. तुम्ही पाच जण आहात. असे पाच खेळ पाच गावांत पाहिलेत, तर जानेवारी पुरणार नाही.

प्रश्न : डिसेंबरअखेरीस सगळेच ‘वर्षातले उत्तम दहा’ अशी यादी करतात. गाजलेले इंग्रजी सिनेमे कराडपर्यंत येतच नाहीत, आले तर फेब्रुवारीत पुण्यात पाहावे लागतात. अपुऱ्या यादीवर नाव घालायला संकोच वाटतो. – एक वाचक, कराड

उत्तर : ही यादी डिसेंबरातच झाली पाहिजे, असे कोणी ठरवले? ऑस्करसाठी सिनेमा त्या कॅलेंडर वर्षात अमेरिकेतल्या नेमून दिलेल्या महानगरांपैकी एका ठिकाणी सलग सात दिवस चालावा लागतो. म्हणून पुरस्काराच्या आशेवरचे अनेक सिनेमे डिसेंबरच्या शेवटी तिथे मोजक्या पडद्यांवर लावले जातात आणि नामांकने जाहीर झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत सर्वत्र पसरतात. तिथल्या छोट्या गावातला प्रेक्षकसुद्धा ३१ डिसेंबरला तुमच्याइतकाच उपाशी असतो. तुम्ही यादी गुढीपाडव्याला करा. आपले वर्ष तेव्हाच सुरू होते, आणि तोवर निम्मी उधारी फिटलेली असते. यादीत प्रत्येक सिनेमापुढे तो कधी आणि कोणत्या गावी पाहिला, एवढे लिहा. वाचकाला तुमच्या क्रमांकापेक्षा ती नोंद अधिक सांगेल. जानेवारीत पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. तो २००२ पासून भरतो आणि कोयना एक्स्प्रेस कराडवरूनच जाते, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : जानेवारीत एका सिनेमाच्या दुपारच्या खेळाला आम्ही तिघेच होतो, म्हणून व्यवस्थापकाने खेळ रद्द करून पैसे परत केले. दुसऱ्या दिवशी सिनेमा उतरला. ट्रेलर आणि गाणी पाहून परीक्षण लिहिले तर चालेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : चालणार नाही. न झालेल्या त्या खेळावर लिहा. तुम्ही तिघे कोण होता, किती वाजेपर्यंत थांबलात, तिकीट परत घेताना खिडकीतला माणूस काय म्हणाला, आणि बाहेर पडल्यावर तुम्ही तिघे कुठे गेलात. लेख झाला की आमच्याकडे पाठवा.