वाचक विचारतात : जिप्सीची रेस वरखाली होते, दोष टीपीएसचा की हवेचा?

प्रश्न : माझी जिप्सी किंग एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरची) आहे, २००४ ची. इंजिन गरम झाले की न्यूट्रलमध्ये रेस आपोआप चढते, बाहेरून बसवलेल्या मीटरवर १,८०० पर्यंत जाते, धपकन खाली येते आणि पुन्हा चढते. कधी सिग्नलला बंदच पडते. मेकॅनिकने टीपीएस (थ्रॉटल पोझिशन सेन्सर) बदलायला सांगितला. बदलल्यावर चार दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. आता मेकॅनिक म्हणतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. काय करावे? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : ईसीएम बदलू नका. तुमच्या पत्रातले ‘चार दिवस’ फार महत्त्वाचे आहेत. सेन्सर बदलताना बॅटरीची तार काढली असेल, तर ईसीएमने आयडलसाठी (पाय न लावता चालणाऱ्या इंजिनाच्या रेससाठी) जुळवून ठेवलेले आकडे पुसले गेले. शिवाय कनेक्टर काढून परत बसवताना त्याच्या पिना घासून स्वच्छ झाल्या. या दोन्ही गोष्टींनी गाडी थोडे दिवस सुधारते. म्हणजे जुना सेन्सर बहुधा चांगलाच होता. तो फेकला नसेल तर जपून ठेवा.

आधी हे चढउतार कशामुळे होतात ते पाहू. टीपीएस आयडल बनवत नाही. बटरफ्लाय, म्हणजे एक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, किती उघडी आहे, एवढेच तो ईसीएमला कळवतो. आयडलची रेस ठरते ती बंद बटरफ्लायला वळसा घालून आत जाणाऱ्या हवेवर, आणि ती हवा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह मोजून सोडतो. या १.३ लिटरच्या इंजिनात हवेचे गणित मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यातल्या) दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून होते. त्यामुळे कुठून चोरटी हवा शिरली, तरी दाब वाढलेला दिसतो, ईसीएम त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली आणि टीपीएस ‘बटरफ्लाय बंद’ असे सांगत असेल, तर ईसीएमला वाटते की गाडी उतारावर आहे आणि चालकाने पाय उचललाय. तो पेट्रोल तोडतो. रेस कोसळते, पेट्रोल परत सुरू होते, रेस पुन्हा चढते. तुमच्या गाडीची लक्षणे या चक्राशी तंतोतंत जुळतात. यात टीपीएस खरे बोलतोय, म्हणूनच दिवा लागत नाही.

चोरटी हवा शोधायला एक सोपी चाचणी आहे. इंजिन गरम करा, एअर फिल्टरकडून येणारा मोठा रबरी पाइप थ्रॉटल बॉडीवरून (बटरफ्लाय जिच्यात बसते त्या भागावरून) काढा आणि इंजिन चालू ठेवा. मॅप सेन्सरच्या गाडीत पाइप काढला तरी इंजिन चालते. बटरफ्लायच्या अलीकडे, बोअरच्या भिंतीत, आयडलच्या हवेचे छिद्र दिसेल. ते अंगठ्याने दाबा. (हवा वेगळ्या बारीक पाइपने जात असेल तर तो पाइप चिमटा.) रेस पडली किंवा इंजिन बंद होऊ लागले, तर जास्तीची हवा या वाटेने येत होती, व्हॉल्व्ह अडकलाय किंवा काजळीने भरलाय. छिद्र दाबूनही रेस चढीच राहिली, तर हवा दुसरीकडून शिरतेय. हे करताना उन्हासाठी तोंडाला बांधलेला दुपट्टा आधी सोडून ठेवा. पंखा आणि बेल्ट हातभर अंतरावरच असतात.

दुसरीकडून म्हणजे ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली तेलाची वाफ परत आत ओढणारा) पाइप, मॅप सेन्सरची बारीक नळी, इंजेक्टरखालचे रबर आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट. पाइप एकेक करून पकडीने चिमटा आणि रेस ऐका. ब्रेक बूस्टरचा पाइप चिमटलेला असताना गाडी हलवू नका. रबराची चीर वरून दिसत नाही. पाइप वाकवला की खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, नखाएवढी उघडते. नागपूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली भाजून हे रबर पापडासारखे कडक होते. गॅस्केटसाठी साबणाचे पाणी फवारा. गळती असेल तिथे ते आत ओढले जाते आणि रेस क्षणभर बदलते. कार्ब क्लीनरनेही हे कळते, पण तापलेल्या एक्झॉस्टवर उडाला तर तो पेट घेतो, म्हणून पाणीच बरे.

व्हॉल्व्ह दोषी निघाला तर थ्रॉटल बॉडी उतरवून साफ करा. जंगलाच्या रस्त्यावरचा बारीक फुफाटा आणि पीसीव्हीतून येणारी तेलाची वाफ मिळून काळा लेप होतो. तो समोरून दिसत नाही, बटरफ्लायच्या पाठीमागे कडेने गोल वळ्यासारखा बसलेला असतो. थ्रॉटल क्लीनर आणि जुना टूथब्रश पुरेसा आहे. पॉलिश पेपर लावू नका, आणि व्हॉल्व्हच्या आतल्या पिनेला हाताने रेटू नका. टीपीएस आधी काढून ठेवा किंवा तो वरच्या बाजूला राहील अशी बॉडी धरा. क्लीनर शाफ्टवाटे सेन्सरमध्ये उतरला, तर चांगला सेन्सर खरोखरच जाईल.

आता टीपीएस. तो तपासायला मल्टिमीटर हवा, अंदाज नको. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, चावी ऑन आणि इंजिन बंद. कनेक्टर न काढता मागून, तारेच्या रबराच्या कडेने, शिवणाची टाचणी सरकवा. तीन तारांपैकी एकीवर ५ व्होल्ट, एकीवर जवळजवळ शून्य, आणि तिसरी सिग्नलची. रंगांवर जाऊ नका, जुन्या गाडीची वायरिंग कितीदा जोडली गेली असेल सांगता येत नाही. बटरफ्लाय बंद असताना सिग्नल साधारण ०.५ ते १ व्होल्ट असावा. केबलची चकती हाताने अगदी हळू, दहा मोजत, फिरवा. आकडा न अडखळता ४ व्होल्टच्या आसपास चढला पाहिजे. पहिल्या पाव भागावर बारीक लक्ष ठेवा, कारण पाय रोज तिथेच असतो आणि आतली कार्बनची पट्टी तिथेच झिजते. क्षणभराची उडी डिजिटल मीटर गिळून टाकतो. काट्याचा जुना मीटर मिळाला तर तोच वापरा, काटा थरथरलेला लगेच दिसतो. गाडीत दोष गरम झाल्यावर येतो, म्हणून ही तपासणी गरम इंजिनावर पुन्हा करा.

अर्थिंग मात्र इंजिन चालू आणि हेडलाइट लावून मोजा. शून्याच्या तारेवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर इंजिनाची अर्थची पट्टी आणि तिचे बोल्ट घासून साफ करा. अर्थवर ०.३ व्होल्ट चढले की सिग्नलही तेवढाच वर सरकतो, आणि दोष बिचाऱ्या सेन्सरवर येतो.

बटरफ्लायच्या स्टॉप स्क्रूला कोणी हात लावला आहे का, हेही पाहा. त्यावरचा रंगाचा ठिपका तुटलेला असेल तर रेस त्यानेच ‘सेट’ केली गेली आहे. सगळे साफ करून जोडल्यावर इंजिन दहा मिनिटे एक्सिलरेटरला पाय न लावता चालू द्या. आयडल ८०० ते ९०० च्या आसपास स्थिरावले पाहिजे.

प्रश्न : चिखलातून आल्यावर गाडी प्रेशरने धुतली. तेव्हापासून रेस १,५०० वरच अडकते, खाली येत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवली की ठीक होते. (एक वाचक, रामटेक)

उत्तर : टीपीएसच्या कनेक्टरमध्ये पाणी जातेय. ५ व्होल्टच्या पिनेवरून ओलाव्यातून थोडा करंट सिग्नलच्या पिनेवर झिरपतो, ईसीएमला बटरफ्लाय थोडी उघडी वाटते आणि तो आयडलवर येतच नाही. बॅटरीची तार काढून कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा, हलक्या हवेने वाळवा, आणि आतले रबरी सील जागेवर आहे का पाहा. हरवलेले सील हेच बहुतेक वेळा मूळ असते. सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. वरून इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, शिरलेले पाणी तिच्यामुळे आतच राहते. पिनांची पकड सैल वाटली तर कनेक्टर बदला. पुढच्या वेळी इंजिनावर प्रेशर मारू नका.

प्रश्न : माझी जिप्सी जुनी, कार्बोरेटरची आहे. मे महिन्यात दुपारी दहा मिनिटे थांबवली की सुरू होत नाही, झाली तर आयडलला बंद पडते. हिच्यातही टीपीएस असतो का? (एक वाचक, उमरेड)

उत्तर : नाही, हिच्यातला त्रास वेगळा आहे. ४५ अंशांच्या उन्हात इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता वर कार्बोरेटरला चढते, फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळते आणि नोझलमधून मॅनिफोल्डमध्ये सांडते. एअर फिल्टरचे झाकण काढून टॉर्चने घशात पाहा, नोझलवरून थेंब पडताना दिसतील. अशा वेळी एक्सिलरेटर पंप करू नका. तो पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, म्हणजे जादा पेट्रोल हवेने उडून जाईल.

उपाय म्हणून कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधला जाड इन्सुलेटर तडकला आहे का पाहा, फ्लोटची पातळी जुळवा, टाकीकडे जाणारी रिटर्नची नळी फुंकून मोकळी करा आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब बांधा. नळ्या जुन्या असतील तर सगळ्याच बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगून मऊ पडते, आणि त्याचे काळे कण जेटमध्ये अडकले की आयडल आधी जाते. नळी घेताना इथेनॉलला चालणारी आहे ना, हे दुकानदाराला विचारूनच घ्या.